टी-अनंतचे रीडिंग

बारावीला गणिताला रामराम ठोकून बायॉलॉजी धरलेली मुले बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतात, ती ‘आकडेमोड संपली एकदाची’ या समजुतीने. रावेर-यावल भागात अशी मुले गावोगाव सापडतील. मग फिजिकल केमिस्ट्रीचा तास सुरू होतो आणि फळ्यावर लॉग, स्लोप, डीएक्स बाय डीटी ही सगळी जुनी मंडळी पुन्हा हजर!

गणित न सोडलेल्यांचेही फार बरे चालते असे नाही. प्रॅक्टिकलला मिथाइल ॲसिटेटचा प्रयोग असतो. एस्टरमध्ये आम्ल घालायचे, ठरावीक मिनिटांनी पिपेटने पाच मिली मिश्रण काढून बर्फाच्या पाण्यात सोडायचे, म्हणजे क्रिया मंदावते. मग ब्यूरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड, फिकट गुलाबी रंग येईपर्यंत. शेवटचे रीडिंग ‘टी-अनंत’चे. त्यासाठी फ्लास्क दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवतात किंवा वॉटर बाथवर गरम करून क्रिया संपवतात. मग जर्नलमध्ये सूत्र उतरते: के बरोबर २.३०३ भागिले टी, गुणिले लॉग अमुक भागिले तमुक.

हे २.३०३ कुठून आले, असे व्हायव्हाला विचारून पाहा. ‘सर, सूत्रातच आहे’ असे उत्तर हमखास येते.

खरे तर त्यात एवढेच सांगितले आहे की जितका एस्टर शिल्लक, तितका क्रियेचा वेग. शिल्लक कमी होत जाते तसा वेगही उतरतो. गणिताच्या भाषेत डीएक्स बाय डीटी बरोबर के गुणिले (ए वजा एक्स). चल वेगळे करून इंटिग्रेशन केले की नॅचरल लॉग येतो. तो दहाच्या पायावर नेताना १० चा नॅचरल लॉग, म्हणजे २.३०३, बाहेर पडतो. आणि टी-अनंत म्हणजे लिमिटच. गणिताच्या वर्गात टी अनंताकडे जाताना जे काढायचे, ते इथे ब्यूरेटवर वाचता येते. हेच समीकरण बारावीच्या गणितात किरणोत्सारी ऱ्हासाच्या उदाहरणात येते आणि त्याच वर्षी केमिस्ट्रीच्या कायनेटिक्समध्येही. मुलगा दोन्हीकडे मार्क मिळवतो, पण दोन्ही एकच आहेत हे त्याला कुणी सांगत नाही. दोष मुलाचा मुळीच नाही. १८५० मध्ये विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने आम्लात साखरेचे विघटन मोजले, तेव्हा वेगाचा नियम त्याने डिफरन्शियल समीकरणातच मांडला. म्हणजे कायनेटिक्सचा जन्मच गणिताच्या घरात झाला.

लॉगचे दुसरे ठिकाण शेतकऱ्याच्या घरात असते, माती परीक्षणाच्या कागदावर. सामू ७ चा ८ झाला की एकानेच वाढला असे वाटते. पण सोरेनसेनने १९०९ मध्ये ही मोजपट्टी लॉगवर बेतली. एक अंक वाढला म्हणजे हायड्रोजन आयन दहा पटींनी घटले.

केळीतही गणित आहे, फक्त लॉगशिवाय. रावेरहून माल हिरवाच भरला जातो आणि दिल्लीकडे पोचल्यावर चेंबरमध्ये पिकतो. कार्बाइडला बंदी आहे. इथिलीन १०० पीपीएमपर्यंत चालते. चार बाय तीन बाय तीन मीटरची रिकामी खोली धरा. ३६ घनमीटर, म्हणजे ३६,००० लिटर हवा. त्यात १०० पीपीएम म्हणजे ३.६ लिटर इथिलीन. साधारण तापमानाला एक मोल वायू सुमारे २४ लिटर जागा घेतो, म्हणून ०.१५ मोल, रेणुभार २८, म्हणजे जेमतेम ४.२ ग्रॅम. गुणोत्तर आणि मोल एवढ्यावर हे गणित सुटते, आणि केळीवाल्याच्या घरातले पोर ते विसरणार नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात मेजरसोबत मायनर आला. केमिस्ट्रीवाल्याने मायनरला गणित घ्यावे, असे माझे मत. पण ते प्रत्येकाला झेपेलच असे नाही. मग निदान दोन्ही विभागांच्या सरांनी एकदा चहाला बसून वेळापत्रक जुळवावे. लॉग आणि आलेखाचा उतार आधी, कायनेटिक्स नंतर. याला विद्यापीठाची मंजुरी लागत नाही.

फायदा गणितवाल्यांनाही आहे. त्यांच्या वहीत के नुसता के असतो. प्रयोगशाळेत त्याला ‘प्रति मिनिट’ हे एकक जोडावे लागते, आणि स्लोप चुकून धन आला तर समोरचा फ्लास्कच सांगतो की एस्टर वाढत नाही, संपतो आहे, चिन्ह तपासा.