बाळ रडले की बिस्किटच का?

वस्तीतले दहावीचे पोर जाड झाले की बोट वडापावकडे जाते, नाहीतर थेट आईकडे. वडापावचा वाटा आहेच. पण काही मुलांच्या वजनाची गोष्ट पाळण्यापासून सुरू होते.

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये 977 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुले सव्वा ते तीन वर्षांची असताना आई त्यांच्याशी कशी वागते, घाबरलेले मूल आईकडे धावते का, हे नोंदवले होते. पंधराव्या वर्षी वजने पाहिली. जिथे नाते सर्वांत कमकुवत, तिथली 26 टक्के मुले लठ्ठ होती. जिथे घट्ट, तिथली 13 टक्के. यावरून आईमुळेच लठ्ठपणा येतो असे सिद्ध होत नाही, गरिबीचाही त्यात हिस्सा असतो. पण मेंदूचे जे भाग भीती आणि राग सांभाळतात, त्यांचा भूक-झोपेशीही संबंध आहे. जवळ घेतलेले बाळ हळूहळू स्वतःला शांत करायला शिकते. प्रत्येक रडण्याला बिस्किट मिळाले, तर मोठेपणी परीक्षेच्या भीतीवरही तोंड चालवणे हाच उपाय वाटू लागतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून जवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात दिसले, की आपली बाळे जन्मतः बारीक, तरी इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत अंगात चरबी राखून असतात. त्यामुळे ‘गुटगुटीत’ करण्यासाठी साखर-तूप कोंबू नये.

आता आईला दोष देणाऱ्यांसाठी. पनवेलच्या वस्तीतली बाई सकाळी सातला खारघर, नवीन पनवेलच्या सोसायट्यांत धुणीभांड्याला निघते. बाळाजवळ बसायला तिला वेळ कोण देतो? बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना आईची विश्रांती राष्ट्रहिताची ठरवली होती. आज कायद्यात 26 आठवड्यांची रजा आहे, पण धुणीभांडी करणारीच्या वाट्याला ती येत नाही. म्हणून बापाने, आजीनेही बाळ घ्यावे. नाते जुळायला जन्मदात्रीच लागते असे नाही.

बाळ रडले तर आधी भूक, झोप की भीती ते पाहा. भूक असेल तर भरवा, नसेल तर उचलून घ्या. भरवताना मोबाइल नको. बाळाने तोंड फिरवले की थांबा.

मोठ्या मुलाला ‘जाड्या’ म्हणू नका, रात्री सोबत जेवा. मानेवर काळसर जाड पट्टा दिसला किंवा मुलीची पाळी वारंवार चुकत असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवून रक्तातील साखर तपासा.