शून्य गळले, एकर सरकला!

इंदापूर तालुक्यातील कळंब हे उसाच्या पट्ट्यातले गाव. तिथल्या मुलांच्या कानावर एकर-गुंठे रोज पडतात. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर असतात. दशांश अपूर्णांक शिकवायला आपल्याला याहून चांगले साधन कुठे मिळणार?

समजा, क्षेत्र 1 हेक्टर 5 आर आहे. 100 आर म्हणजे 1 हेक्टर. म्हणून 5 आर म्हणजे हेक्टरचे 5 शतांश. ते 1.05 असे लिहायचे. पण आठवी-नववीतही काही मुले 1.5 लिहितात. त्यांना पाच दिसतो, पाचाचे घर दिसत नाही. 1.5 म्हणजे दीड हेक्टर, अर्थात 1 हेक्टर 50 आर. फरक पडला 45 आरचा, म्हणजे 4500 चौरस मीटरचा. एकर असतो सुमारे 4047 चौरस मीटरचा! खताची मात्रा हेक्टरी सांगतात. तीही मग याच प्रमाणात चुकते.

याच गैरसमजातून 1.35 ही संख्या 1.5 पेक्षा मोठी ठरते, कारण 35 हे 5 पेक्षा मोठे! दोन्हींचे आर करून पाहू: 135 आणि 150. शंका उरत नाही.

अशा वेळी नुसती जास्त उदाहरणे देऊन भागत नाही. आधी संख्या मोठ्याने वाचून घेऊ: 'एक पूर्णांक शून्य पाच'. मग अंदाज करू. हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर, तेव्हा 1.05 हेक्टर अडीच एकरांच्या आसपास, तर दीड हेक्टर पावणेचारच्या. आकडेमोड त्यानंतर. गणकयंत्र दाबलेल्या आकड्यांचेच उत्तर देते. आकडा चुकला हे ओळखायला अंदाजच लागतो.