कोंबडीची वेदना मोजता येते का?

‘प्राण्यांवर दया करा’ असे कोणी म्हटले की आपल्यातले बरेच तरुण आधी सावध होतात. त्याला कारण आहे. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी भर रस्त्यात मारले. अशी ‘दया’ आपल्याला नको. पण म्हणून करुणेचा विषयच त्यांच्या हाती सोडून द्यायचा का? आम्हाला तसे वाटत नाही.

मुका प्राणी काय भोगतो हे कसे कळणार? संशोधकांनी साधा मार्ग काढला. प्राण्यालाच निवड करू द्यायची.

ब्रॉयलर कोंबडीचे वजन इतक्या झपाट्याने वाढते की अनेकींचे पाय ते पेलत नाहीत. त्या लंगडतात. पण त्यांना दुखते का? इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी कोंबड्यांपुढे दोन रंगांचे खाद्य ठेवले. एकात वेदनाशामक औषध होते. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचे खाद्य जास्त निवडले. जितके लंगडणे जास्त, तितके औषधही जास्त. हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. कोंबडीने चोचीने दिलेली ही साक्षच आहे.

दुसरा प्रयोग कॅनडातला, २०१३ चा. वासरांना शिकवले की पडद्यावरच्या एका रंगाकडे गेले की दूध मिळते, दुसऱ्याकडे गेले की मिळत नाही. मग लाल आणि पांढऱ्याच्या मधल्या छटा दाखवल्या. शिंगे वाढू नयेत म्हणून डागल्यानंतर हीच वासरे मधल्या छटांकडे कमी जाऊ लागली. दुखणाऱ्या जीवाची चांगल्याची आशाच कमी होते. माणसाचेही असेच होते.

धम्मात वेदना म्हणजे केवळ दुखणे नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, अशा तीन वेदना सांगितल्या आहेत. पशुकल्याणाचे विज्ञानही आज याच दिशेने चालले आहे. जनावर जगले, वाढले एवढे पुरत नाही. त्याला कसे वाटते हेही पाहिले जाते. भूक-तहान, गैरसोय, इजा-आजार आणि भीती यांपासून मुक्तता व स्वाभाविक वागण्याची मोकळीक, ही ‘पाच स्वातंत्र्ये’ आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ च्या निकालात मान्य केली आहेत.

इथे एक फरक लक्षात घ्यावा. पावित्र्याचे राजकारण विचारते, प्राणी कोणता आहे? करुणा विचारते, त्याला दुखते आहे का? पहिल्या प्रश्नात गाय माता ठरते, कोंबडी कोणीच नसते आणि माणूस अस्पृश्य ठरतो. दुसऱ्या प्रश्नात कोणी उच्च-नीच उरत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये अहिंसेचा अर्थ सांगताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. म्हणजे अहिंसा हा ताटावर पहारा ठेवण्याचा नियम नाही. ती विवेकाने वागण्याची जबाबदारी आहे.

आपल्या वस्तीतल्या बचत गटांत शेळ्या, कोंबड्या पाळल्या जातात. तिथे गेल्यावर आपण एवढे तरी करू: किती पक्षी लंगडतात ते मोजू. सावली, पाणी आणि कोरडी जागा आहे का ते पाहू. आणि शेडमध्ये राबणाऱ्या माणसाला मजुरी पुरेशी मिळते का, हेही त्याच वहीत लिहू.