‘लय भारी’ : मागे राहिलेला नवस

‘लय भारी’ हा चित्रपट ११ जुलै २०१४ रोजी, आषाढी एकादशीनंतर दोनच दिवसांनी प्रदर्शित झाला. मूळचा लातूरजवळच्या बाभळगावचा आणि २००३ पासून हिंदीत स्थिरावलेला रितेश देशमुख यात पहिल्यांदाच मराठी पडद्यावर नायक म्हणून आला. दिग्दर्शन निशिकांत कामत यांचे, संगीत अजय-अतुल यांचे. लातूर-नांदेडच्या प्रेक्षकाला तर हा घरचाच मुलगा. चित्रपटाने भरपूर गल्ला जमवला आणि तोवरच्या सर्वाधिक कमाईच्या मराठी चित्रपटांत जागा मिळवली. तरीही तो पाहून उठताना अनेकांना काहीतरी हुकल्यासारखे वाटले.

कथेचे बीज अस्सल इथल्या मातीतले आहे. मूल होत नाही म्हणून एक बाई पंढरपूरला जाते आणि पहिले मूल विठ्ठलाच्या पायाशी ठेवण्याचा नवस बोलते. तिला जुळे होते. एक वाड्यात ‘प्रिन्स’ म्हणून वाढतो, दुसरा पंढरपुरात ‘माऊली’ म्हणून. पुढे प्रिन्सचा खून होतो आणि माऊली त्याच्या जागी उभा राहून सूड घेतो. मराठवाड्यात घरोघरी माळकरी आहेत, नवस म्हणजे काय हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पोटचे पोर देवाला देऊन ती आई इतकी वर्षे कशी जगली असेल? वाड्यातल्या मुलाला जेवू घालताना तिला दुसरा आठवत नसेल का? हा प्रश्न एकटाच अख्खा चित्रपट पेलू शकला असता. तन्वी आझमी यांच्यासारखी अभिनेत्रीही हाताशी होती.

चित्रपट मात्र नवसाचा उपयोग एवढाच करतो की नायक दोन व्हावेत. मग नायकाची एंट्री, संथ गतीतली हाणामारी, शिट्ट्यांसाठी बेतलेले संवाद, जेनेलियाला घेऊन होळीचे गाणे, सलमान खानचे अचानक येऊन जाणे असे सगळे ओळीने येते. एकेक प्रसंग चांगलाच रंगतो. विठ्ठलाचे गाणे तर अंगावर काटा आणते. पण आधीच्या प्रसंगामुळे पुढचा घडावा, हे क्वचितच होते. खलनायक संग्रामच्या भूमिकेत शरद केळकर दमदार आहेत, तरी तो पहिल्यापासून वाईट आणि नायक पहिल्यापासून अजिंक्य, त्यामुळे काय होणार ही धाकधूक उरत नाही. धाकधूक नसली की मोठ्यातली मोठी मारामारीही नुसती पाहिली जाते, ती मनाला लागत नाही.

असा चित्रपट मराठीत का हवासा वाटला, यालाही कारणे आहेत. एकाच टाकीजमध्ये, जवळपास त्याच तिकिटात हिंदी सिनेमाचा डामडौल मिळत असताना मराठी चित्रपट म्हणजे ‘लहान’ सिनेमा, हा समज जुना होता. नांदेड तेलंगणाच्या सीमेवरचा जिल्हा. तिकडच्या देगलूर, धर्माबाद भागाला तेलुगू पडद्यावरचा एकटा शंभरांना लोळवणारा नायक काही नवा नाही. तसा नायक आपल्या भाषेत बोलावा, ही इच्छा खरी होती आणि तिचा मान ठेवायलाच हवा. वाईट वाटते ते कामत यांच्याकडे पाहून. याच दिग्दर्शकाने २००५ मध्ये ‘डोंबिवली फास्ट’ केला होता. त्यात एका साध्या नोकरदाराचा संताप पायरीपायरीने चढतो आणि प्रत्येक पायरी पटते. कथा कशी बांधायची हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

भव्यता आणि कथा यांचे मुळात वैर नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) चमत्कार कमी नाहीत आणि अखेरीस आकाशातून विमानही उतरते. पण दामले-फत्तेलाल यांनी त्याआधी तुकारामाच्या घरातली ओढाताण दाखवलेली असते. मूल आजारी पडते तेव्हा संतापलेली त्याची बायको जिजाई थेट देवळात जाऊन विठ्ठलापुढे वहाण उगारते. अभिनेत्री गौरीने केलेली ही जिजाई एकदा पाहिली की शेवटचे विमान नुसती करामत राहत नाही. नवरा वैकुंठाला निघाला आणि ती संसारासकट खालीच राहिली, ही कळ त्या दृश्यात भरलेली असते. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम वर जाताना डोळे भरतात ते तिच्यासाठीही. हा चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला.

डिसेंबर २०१८ मध्ये आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘माऊली’ आला. तोच नायक, तेच संगीतकार, पुन्हा विठ्ठलाचे नाव. या वेळी खाकी वर्दी होती, पण साचा बहुतेक तोच. ‘लय भारी’सारखे यश त्याला मिळाले नाही. दरम्यान २०१६ मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने कमाईचे सगळे जुने आकडे मागे टाकले होते. त्यातही संथ गतीतली दृश्ये आहेत, अजय-अतुलची दणदणीत गाणी आहेत आणि टाकीजमध्ये लोक त्यांवर नाचले. मात्र शेवटच्या काही मिनिटांत संगीत पूर्ण थांबते. रक्ताने माखलेल्या पायांचे लहान मूल रडत बाहेर चालत जाते आणि फरशीवर पावले उमटत राहतात.