अंगणातली झुडपं : हिरव्या शिरा, पिवळं पान

आज छाटणीविषयी लिहायचं ठरलं होतं. पण मागचा लेख वाचून पुण्याच्या एका वाचकताईंनी पेंटगुळाचं एक पान पाकिटात घालून पाठवलं, आणि छाटणी पुढच्या आठवड्यावर गेली.

पान शेंड्याचं, कोवळं. शिरा हिरव्यागार आणि शिरांमधली सगळी जागा पिकल्या लिंबासारखी पिवळी. सोबत चिठ्ठी : रोप गुहागरकडच्या माहेराहून आणलेलं. तिथं आईनं त्याला कधी खत दाखवलं नाही, तरी झुडूप लाल गुच्छांनी भरलेलं. इथं कुंडीत शेणखत झालं, अंड्याची टरफलं झाली, कुणी सांगितलं म्हणून गंजके खिळेही पुरून झाले. तरी पिवळं ते पिवळंच.

ताई, दुखणं तुमच्या चिठ्ठीतच आहे. रोप गुहागरचं आणि माती पुण्याची.

पेंटगुळाला लोह कमी पडतंय. आता काळ्या मातीत लोह नाही का? भरपूर आहे, काळ्या पाषाणाचीच ती माती. पण तिच्यात चुनखडी असते, सामू आठाच्या आसपास जातो, आणि अशा मातीत लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडतं. मुळांना ते विरघळलेलं लागतं. कोकणात जांभ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तो चुना धुऊन नेतो आणि माती आंबट राहते. तुमच्या आईला खत का घालावं लागलं नाही, ते यात आलं.

खिळ्यांवरचा गंज म्हणजे तेच न विरघळणारं लोह. आणि टरफलं म्हणजे चुना, दुखण्यात भरच. बोअरच्या जड पाण्याचंही तसंच.

पान शेंड्याचं पाठवलंत हे फार बरं केलंत. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह मात्र एकदा पानात बसलं की जागचं सहसा हलत नाही, त्यामुळे उपाशी राहतं ते नवं पान. पिवळेपणा वरून सुरू झाला की खालून, हे मी सगळ्यात आधी बघतो.

माझ्याकडे कुंपणाच्या भिंतीलगत पाच पेंटगुळं होती. त्यांतलं कोपऱ्यातलं एकच दोन वर्षं पिवळं. शेवटी उकरलं, तर वीतभर खाली गिलाव्याचा राडारोडा आणि सिमेंटचे गोळे. ते झुडूप दोन हात पुढे हलवलं, खड्ड्यात तांबडी माती आणि कुजलेला पालापाचोळा भरला. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या गुच्छांवर फुलपाखरं होती. लिनीअसनं या प्रजातीला दिलेलं इक्झोरा हे नाव म्हणजे आपला ‘ईश्वर’च, पोर्तुगीज उच्चारातून गेलेला. त्या दिवशी ते नाव मला फार शोभून दिसलं.

तुम्ही एवढं करा. टरफलं आणि खिळे काढून टाका. एक लिटर पावसाच्या पाण्यात १ ग्रॅम लिंबूसत्त्व आणि ५ ग्रॅम हिराकस विरघळवा, आणि ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. पाणी ताजंच वापरा. तांबूस झालं की त्यातलं लोह वाया गेलं. दहा दिवसांच्या अंतरानं तीनदा पुरे. फरशीवर सांडू देऊ नका, डाग जात नाही. मातीतून द्यायचं तर दुकानात चिलेटेड लोह मिळतं, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या. ईडीटीएचं लोह चुनखडीच्या मातीत टिकत नाही. आणि सवड झाली की कुंडीतली काळी माती बदला, कारण फवारणीचा गुण मातीला लागत नाही.

तोवर त्या झुडपाला कात्री लावू नका. आत्ता छाटलंत तर नवी फूटही पिवळीच येईल.