‘आयपी ६८’चा फोन आणि दुचाकीचे हँडल

बारामतीहून निमगाव केतकीमार्गे इंदापूरला दुचाकीवर जाताना अनेक जण हँडलला मजबूत बांधणीचा फोन लावून नकाशा पाहतात. खोक्यावर ‘आयपी ६८’ असले की फोनला कशानेच काही होत नाही, असा समज आहे.

आयपी ही धूळ आणि पाण्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाची प्रतवारी आहे. त्यातला ६ सांगतो की धूळ आत शिरत नाही; ८ सांगतो की निर्मात्याने ठरवलेल्या खोलीत, ठरावीक वेळ, फोन पाण्यात टिकतो. हादऱ्यांबद्दल हे आकडे काहीच सांगत नाहीत. रेनकोट पावसापासून वाचवतो, खड्ड्यांनी कंबर दुखायची थांबत नाही, तसेच हे.

इंजिनाची थरथर हँडलमधून सतत फोनपर्यंत येते. तिचा त्रास कॅमेऱ्यातील ऑप्टिकल स्थिरीकरणाला (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा) होऊ शकतो. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये तशी जाहीर सूचना दिली: मोठ्या ताकदीच्या मोटरसायकलवर फोन थेट बसवू नये, स्कूटर-मोपेडवरही कंपनशोषक (थरथर जिरवणारा) होल्डर वापरावा. माझ्या मते, महाग फोनाआधी या होल्डरवर खर्च करावा.

हादऱ्यांसाठी खोक्यावर ‘मिल-एसटीडी-८१०’ आहे का ते बघावे; ही अमेरिकी लष्कराची चाचणीपद्धती. तिच्यात अनेक चाचण्या असतात, कंपनाची त्यांपैकी एक. कंपनीने ती केली आहे का, हे माहितीपत्रकात पाहावे.

उन्हाचा प्रश्न वेगळा. इंदापूरच्या मे महिन्यात मजबूत फोनही तापून पडदा मंद करतो किंवा चार्जिंग थांबवतो.