बासरीचा कारागीर

तुम्ही जत्रेत किंवा उरुसात बांबूची बासरी पाहिली असेल. तिला फुंकण्यासाठी एक छिद्र असते आणि बोटे ठेवण्यासाठी एका ओळीत सहा छिद्रे असतात. सगळी छिद्रे झाकून फुंकले की खालचा स्वर निघतो. शेवटच्या टोकाकडून एकेक बोट उचलत गेले की स्वर चढत जातो. म्हणजे छिद्र कोठे आहे, यावर स्वर अवलंबून असतो. छिद्र मोठे असेल तर आवाज मोकळा व मोठा येतो.

युरोपात पूर्वी लाकडी बासऱ्या वाजवीत. त्यांची मुख्य छिद्रे बोटे पोचतील तेथेच पाडलेली असत. ती बोटांनी झाकावी लागत, म्हणून लहानही असत. त्यामुळे काही स्वर दबलेले येत, तर काही थोडे बेसूर होत.

ही अडचण थिओबाल्ड ब्योम यांनी दूर केली. त्यांचा जन्म १७९४ साली जर्मनीतील म्युनिक शहरात झाला. वडील सोनार होते. थिओबाल्डही सोनारकाम शिकले. पुढे ते राजदरबारातील वाद्यवृंदात बासरी वाजवू लागले. १८२८ साली त्यांनी बासऱ्या बनवण्याचा कारखाना काढला.

१८३१ साली लंडनमध्ये त्यांनी चार्ल्स निकल्सन यांची बासरी ऐकली. तिची छिद्रे मोठी होती आणि आवाज फार दमदार होता. आपल्या बासरीतून असा आवाज निघणार नाही, हे ब्योम यांनी ओळखले. ते हेवा करत बसले नाहीत. कामाला लागले.

१८३२ साली त्यांनी नवी बासरी तयार केली. स्वराला हवी तेथेच त्यांनी मोठी छिद्रे पाडली. बोट पोचत नव्हते तेथे चाव्या बसवल्या व त्या बारीक दांड्यांनी जोडल्या. आता जवळची चावी दाबली, की दूरचे छिद्र झाके. सोनाराचा हात येथे कामी आला.

पण या बासरीवर बोटे ठेवण्याची रीत वेगळी होती. अनेक वादकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. स्वतः ब्योम यांनाही जुनी सवय मोडून नव्याने शिकावे लागले. तरी ते थांबले नाहीत. ध्वनिशास्त्राचा अभ्यास करून १८४७ साली त्यांनी सरळ नळीची धातूची बासरी बनवली. १८८१ साली त्यांचे निधन झाले.

आज जगभरच्या वाद्यवृंदांत याच पद्धतीची बासरी वाजते. अशी चमकदार बासरी कधी दिसली, तर तिच्या चाव्या नीट पाहा. कोणती चावी कोणते छिद्र झाकते, ते शोधून काढा.